नोटिशीतली दिवाळी

कोजागिरी झाली की चारच दिवसांत आमच्या इंदूरच्या स्नेहलतागंजात भाजणी भाजल्याचा वास सुटतो. खालच्या मजल्यावर आमचे घरमालक बापूसाहेब राहतात. त्यांच्या सूनबाई सगळ्या गल्लीच्या आधी चकल्या करायला घेतात. लोकांना त्या वासानं भूक लागते, मी दिवस मोजायला लागतो. बायको म्हणते, "सणासुदीला तुमचं हे तोंड पाडून बसणं काही संपत नाही बाई." तिला सगळं माहीत आहे, तरी म्हणते.

दिवाळीशी माझं काही वाकडं नाही. उटणं लावून घेतो, पोहे खातो, बापूसाहेबांबरोबर राजवाड्यापर्यंत चक्करही मारून येतो. मला धडकी भरते ती भाऊबीजेची. आणि भाऊबीज म्हटलं की मला दोन वर्षांपूर्वीचे ते तीस दिवस आठवतात. दसऱ्यापासून देवउठनी ग्यारशीपर्यंतचे, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंतचे. एवढं मोठं आयुष्य गेलं, पण एखादा महिना असा दिवस न् दिवस लक्षात राहावा, असा तोच. त्यात मी काही केलं नाही. करण्यासारखं माझ्या हातात काही उरलंच नव्हतं, म्हणून तर तो लक्षात राहिला.

सायली माझी भाची. माझ्या एकुलत्या एका बहिणीची एकुलती एक मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. त्या वर्षी गणपतीच्या आधी लॅपटॉप आणि दोन बॅगा घेऊन दारात उभी. "मामा, काही महिने इथूनच काम करीन. चालेल ना?" आता भाची मामाकडे येते यात चालण्या-न चालण्याचा प्रश्न कुठे येतो? बायकोनं त्याच दिवशी आतली खोली रिकामी करून दिली. धुळ्याला ताईला फोन लावला, ती म्हणाली, "लाडावून ठेवू नकोस तिला, अनंता." आवाजात अगदी निर्धास्तपणा. लेक मामाकडे आहे म्हटल्यावर आईला आणखी काय हवं असतं?

आठ दिवसांनी, गॅलरीत कपडे वाळत घालता घालता, सायलीनं सांगितलं. मानपूरचा पंकज. पुण्यात दोघं एकाच ऑफिसात होते. त्याच्या वडिलांचं तिथे इंदूर-धुळे हायवेवर ट्रकच्या टायरांचं दुकान. मानपुरात थांबणारा प्रत्येक ड्रायव्हर त्यांना ओळखतो. ताईनं पंकजला एकदाच पाहिलं होतं आणि सायलीला म्हणाली होती, "पंक्चरच्या दुकानात द्यायला मी तुला शिकवली नाही." त्यानंतर मायलेकी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

तर लग्न इंदूरला करायचं. चार माणसांत. सही करायची आणि जानापावच्या डोंगरावर जाऊन एकमेकांना हार घालायचे. जानापाव म्हणजे मानपूरच्या अलीकडचा डोंगर, वर कुंड आहे, लहानपणी पंकज तिथे सायकलनं जायचा. सायली या प्रकाराला 'इलोपमेंट' म्हणायची.

"म्हणजे पळून जाणंच ना गं?"

"पळून नाही रे मामा. निवांत लग्न."

निवांत कसलं! पळून जायचं तर रात्रीतून जावं माणसानं. इथे नोटीस द्यायची तर दोघांपैकी एकाचा तरी जिल्ह्यात महिनाभर मुक्काम हवा, त्याचा पुरावा हवा, मग नोटीस तीस दिवस बोर्डावर लावणार, कुणाची हरकत आहे का बघणार, त्यानंतर तीन साक्षीदार. इतका बोभाटा करून पळून जाणारं जोडपं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि मामाकडचं ते लाडाचं राहणं म्हणजे महिनाभराच्या मुक्कामाचा पुरावा होता, हेही तेव्हाच उमगलं. राग यायला हवा होता. आला नाही. सायली वाळत घातलेला माझाच शर्ट परत परत झटकत होती.

"आईला नंतर सांगू," ती म्हणाली. "आधी सांगितलं तर ती इथे येईल. भांडणार नाही, ओरडणार नाही. नुसती बसून राहील, जेवणार नाही. आणि मी मोडेन मामा. मला माहितीये, मी मोडेन. तू शब्द दे."

मी शब्द दिला. बायको आतून ऐकत होती, तिनं कपाळाला हात लावला.

आता मी जी चूक केली ती सांगतो. माझी नोकरी पीथमपूरला, औषधांच्या कारखान्यात. बाटलीवरचं लेबल आणि खोक्यावरचं लेबल एकच आहे ना, हे बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. कागदावर एक आणि खरं दुसरं, हे माझ्या डोळ्यांना सहनच होत नाही. घरी किराण्याची यादीसुद्धा मी पिशवीशी ताडून बघतो. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे रोजची तपासणी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कलेक्टर ऑफिसात गेलो. सायली, पंकज, मी आणि बापूसाहेब. बापूसाहेब इंदूरचे जुने मराठे, त्यांचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात घोडेस्वार. त्यांना कुठल्याही कचेरीत न्या, तिथे त्यांच्या ओळखीचा कुणीतरी निघतोच. "अरे भिया, तुम्ही टेन्शन कशाला घेता? आमच्या पणजोबांनी तलवार चालवली, मी फक्त एक सही तर करतोय. हओ, एकदम फर्स्टक्लास काम करवून टाकू," असं त्यांचं इंदुरी मराठीत रस्ताभर चाललं होतं.

खिडकीतले बाबूजी भले माणूस. सायलीनं विचारलं, सही डोंगरावर करता येईल का? ते चष्म्यावरून बघून म्हणाले, "मॅडम, हमारे साहब के दोनों घुटने बदले हुए हैं." पंकज हसला, सायलीही हसली. मग त्यांनी अर्ज पुढे ओढला. "लड़की का स्थायी पता?"

सायली म्हणाली, "यहीं का लिख दीजिए. स्नेहलतागंज."

आणि मी, मूर्खासारखा, खिडकीत डोकं घालून म्हणालो, "नहीं नहीं, ये तो अभी का है. स्थायी धुळे का है. आधार पर भी वही है."

बाबूजींनी मान डोलावली आणि धुळ्याचा पत्ता लिहिला. ताईच्या घराचा. मग सहज म्हणाले, "तो एक कॉपी उधर भी जाएगी. उस जिले में भी बोर्ड पर लगेगी. नियम है."

सायलीनं माझ्याकडे पाहिलं. "मामा!" एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, खोडून टाका ना. बाबूजी म्हणाले, अभी तो आपने ही बताया. बापूसाहेबांनी ओळख काढली, हात जोडले, चहाचं विचारलं. काही नाही. खरं ते एकदा कागदावर उतरलं की कुणाला खोडता येत नाही. बाहेर आल्यावर बापूसाहेब म्हणाले, "अनंतराव, तुम्ही बहुतच सज्जन निघालात यार." त्यांना शिवी द्यायची होती, ती त्यांनी अशी दिली.

तिथून पुढे तीस दिवस. तो कागद कुठवर पोचला असेल, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरा विचार नाही. सांवेरच्या बाजूला सोयाबीनची कापणी संपत आलेली, आमच्या कंपनीच्या बसमध्ये लोक बाजारभावाचं बोलायचे, हवेत बारीक धूळ, दुपारी कडक ऊन आणि पहाटे गारवा. मी खिडकीपाशी बसून मनातल्या मनात नकाशा बघायचो. आज महू ओलांडलं असेल. आज सेंधव्याचा घाट. आज धुळे. कारखान्यात एकदा चुकीचं लेबल लागलेली खोकी बाहेर गेली होती, तर मी ट्रक अर्ध्या वाटेतून परत बोलावला होता. टपालाला कोण परत बोलावणार?

आणि धुळ्यात तो बोर्ड कोण वाचणार, असंही मी स्वतःला समजवायचो. असले बोर्ड वाचतं कोण? पण ताईचं मला ठाऊक होतं. भाऊजी सरकारी नोकरीत होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ताई दर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या कलेक्टर कचेरीच्या आवारात जाते. मी जिवंत आहे, अशी सही करायची आणि यायचं. बँकेतही देता येतो तो. पण तिला स्वतः गेल्याशिवाय चैन पडत नाही. आणि ती तिथे गेली की नंबर येईपर्यंत भिंतीवरचं सगळं वाचून काढते. लहानपणापासूनची सवय. वाण्याच्या पुडीचा कागदही ती सोडायची नाही.

मी सायलीला म्हटलं, "मी सांगतो गं ताईला. माझ्या तोंडून कळू दे."

"तू शब्द दिलायस."

"अगं, पण तिनं तिथे वाचलं तर?"

"नाही वाचणार." मग हळूच म्हणाली, "वाचलं तर वाचलं. पण आपण सांगायचं नाही. प्लीज, मामा." त्या पोरीनं त्या दिवसांत दोन घास नीट खाल्ले नाहीत. तिच्यावर तरी काय रागावणार?

भाऊबीजेला मी दरवर्षीसारखा धुळ्याला निघालो. सायलीनं ऑफिसच्या कामाचं कारण सांगितलं होतं. बस मानपूरला थांबली. खिडकीतून टायरांचं दुकान दिसलं. पंकजचे वडील बाहेर खुर्ची टाकून बसले होते, दुकानाला झेंडूचं तोरण. त्यांनी मला पाहिलं आणि दोन्ही हात वर करून नमस्कार केला. त्यांना सगळं माहीत, मला सगळं माहीत, आणि माझी बहीण तिकडे माझ्यासाठी करंज्या तळत बसलेली. मला बसमधून उतरून परत जावंसं वाटलं. गेलो असतो तर बरं झालं असतं का? कोण जाणे.

भाऊजी गेले त्या वर्षी शेजारची एक बाई ताईला म्हणाली होती, की आता तू ओवाळू नकोस, बरं दिसत नाही. ताई तिला म्हणाली, "माझा भाऊ जिवंत आहे ना? मग मी ओवाळणार." आई-वडील गेले तेव्हापासून तिचं माहेर म्हणजे मी एकटा. अशी ती बहीण.

त्या संध्याकाळी तिनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मी डोक्यावर टोपी घालून बसलो. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी माझ्या डोक्यावरून फिरवली, निरांजन ओवाळलं. वर बघायची माझी हिंमत होईना. पंचावन्न वर्षांचा बाप्या मी, आणि शाळेत खोडी करून आल्यासारखा रांगोळीकडे बघत होतो.

"सायली कशी आहे रे?" तिनं विचारलं.

"बरी आहे. काम फार आहे तिला."

"जेवते का नीट?"

"हो हो."

तिनं माझ्या ताटलीत आणखी एक करंजी वाढली. "तू कसा आहेस? वाळलास. काही त्रास आहे का?"

"छे गं. मला कसला त्रास?"

"अनंता, काही सांगायचं असलं तर सांग. मी काय परकी आहे?"

माझ्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. 'ताई' म्हणून मी तोंड उघडलंसुद्धा. आणि डोळ्यांपुढे ती पोर आली, गॅलरीत शर्ट झटकणारी. मी म्हणालो, "ताई, जरा पाणी दे."

तिनं पाणी दिलं. त्या दिवशी ती खूप वेळ माझ्यासमोर बसून राहिली. मला वाटलं, दमली असेल.

ग्यारशीच्या आदल्या दिवसापासून इंदूरच्या रस्त्यांवर उसाच्या मोळ्या येतात. ऊस उभे करून मांडव करायचा, तुळशीचं लग्न लावायचं. त्या वर्षीही गल्लीगल्लीत ऊस टेकवून ठेवलेले. ग्यारशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या उसांमधून वाट काढत कलेक्टर ऑफिसला पोचलो. हरकत कुणाचीच आली नव्हती. इथे नाही, धुळ्यातही नाही. बापूसाहेबांनी फेटा बांधला होता, साक्षीदाराला फेटा लागत नाही हे त्यांना कुणी सांगायचं? साहेब म्हणाले तसं दोघांनी म्हटलं, सह्या केल्या. मी सायलीच्या मागे जाऊन उभा राहिलो. आमच्यात मामा नवरीच्या मागे उभा राहतो. बाबूजी म्हणाले, "बैठ जाइए अंकल, कुर्सी है." म्हटलं, नहीं, मैं खड़ा ही ठीक हूँ.

मग जानापाव. पंकजच्या घरच्यांनी दाल-बाफले बांधून आणले होते. वर वारा सुटला होता, हार उडत होते, सायली खळखळून हसत होती. तिला तशी हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. वाटलं, सुटलो.

कुंडाच्या पायऱ्यांवर बसून तिनं आईला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, एकटीला ऐकायची भीती वाटली असेल. "आई, मी लग्न केलं."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "हयातीचा दाखला द्यायला गेले होते, तेव्हाच वाचलं. सुखी राहा दोघं. रडू नकोस, आजच्या दिवशी रडतात का?" मग म्हणाली, "तुझा मामा असेल ना तिथे? दे त्याला."

मी फोन घेतला. स्पीकर बंद करायचं सुचलं नाही.

"अनंता, त्या कचेरीत मला घेरी आली रे. बाकावर बसले. पहिलं मनात काय आलं, सांगू? भाऊबीजेला अनंता येतोय, तो सांगेल. तो माझ्यापासून लपवणार नाही. हरकत घ्यायला मला सरकारनं तीस दिवस दिले होते, मी घेतली नाही. आणि तुला मी अख्खी संध्याकाळ दिली."

फोन ठेवला तिनं. पंकजच्या वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हापासून मी किती वेळा स्वतःशी वाद घातला असेल. शब्द मोडला असता तर पोरगी मोडली असती. पाळला, तर बहीण गेली. पत्ता खोटा लिहू दिला असता तर कदाचित दोघीही राहिल्या असत्या. पण ते काही खरं नाही. ताईला दुखलं ते कागदानं नाही. पाटावर बसून मी तिच्या हातच्या करंज्या खाल्ल्या आणि पाणी मागितलं, त्यानं दुखलं. हे मला कळतं, आणि कळून काही करता येत नाही. फोन केला तर ती उचलते, 'देते हं' म्हणून सायली तिथे असली तर तिच्याकडे देते, नसली तर ठेवून देते. पत्र लिहिलं, उत्तर नाही.

लेकीला तिनं महिन्याभरात माफ केलं. पंकजचे वडील स्वतः गाडी काढून धुळ्याला गेले, सांवेरचा गहू घेऊन, आणि येताना ताईच्या स्कूटीचे दोन्ही टायर बदलून आले. आता ते तिला बहीण मानून 'बेनजी' म्हणतात आणि ती त्यांना पुरणपोळ्या पाठवते. जावई तर तिच्या गळ्यातला ताईत झालाय. मला आनंद आहे, शपथेवर सांगतो. पण कधी कधी वाटतं, पंक्चरच्या दुकानाला तिच्या घरात जागा झाली, मला नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेला मी न बोलावता गेलो. भावाला काय आमंत्रण लागतं? सायली-पंकज आधीच आले होते. ताई माझ्याशी बोलली नाही, पण वागायला कुठे कमी केलं नाही. "सायली, मामाला पाणी दे गं." "मामाला विचार, भात वाढू का." मी समोर बसलेलो आणि ती हे सायलीला विचारतेय. सायलीचे डोळे भरून येत होते, मी तिला खुणेनं म्हणत होतो, असू दे.

संध्याकाळ झाली. ताईनं ताम्हण काढलं, निरांजन लावलं, सुपारी, अंगठी, अक्षता सगळं ठेवलं. माझा जीव असा काही सुपाएवढा झाला! मी पटकन खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि ताठ बसलो. पाट मांडलेला नव्हता, ते माझ्या लक्षातच आलं नाही. ती ताम्हण घेऊन आली आणि माझ्यासमोरून तशीच अंगणात गेली. शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर बीजेची कोर होती, केसासारखी बारीक. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ताईनं निरांजन वर धरून चंद्राला तीनदा ओवाळलं.

"आई, काय करतेस!" सायली ओरडली. ताईनं अक्षता टाकल्या, नमस्कार केला, आत येऊन ताम्हण देवापाशी ठेवलं. मी टोपी काढून खिशात घातली.

यंदा परत सोयाबीनची धूळ आहे, भाजणीचा वास आहे, आणि माझी बॅग भरून तयार आहे. बायको म्हणते, "कशाला जाता? अपमान करून घ्यायला?" बापूसाहेब म्हणतात, "भिया, राहू द्या एखाद साल." मी जाणार आहे. घरात बसायचं नाही असं ठरवलंय. अंधार पडायच्या आधीच अंगणात जाऊन उभा राहीन, त्या टाकीच्या बाजूला, तिचा चंद्र जिथे दिसतो तिथे, अगदी मधोमध. ती ताम्हण घेऊन येईल. "बाजूला हो," म्हणेल. म्हणू दे. तेवढं तरी माझ्याशी बोलेल.